उटण्याच्या चिमण्या

माझ्या स्वयंपाकघरात लहानमोठे पस्तीस-चाळीस डबे आहेत आणि गेल्या दिवाळीपर्यंत त्यातल्या एकावरही चिठ्ठी नव्हती. कुणाच्या घरी डब्यांवर 'धने', 'जिरे' असं लिहिलेलं दिसलं की मी हमखास टोमणा मारायची. म्हणायची, बाई, झाकण उघडून पाहा ना, देवानं नाक कायले दिलं? तोंडाला माझ्या कुलूप नाही, हे सगळ्या लाखनीला माहीत आहे. पण आता लिहायलाच बसले आहे तर कबूल करते, त्या नाकाचा मला फार गर्व होता.

आमचं हायवेवर किराण्याचं दुकान आणि मागे थोडी धानाची शेती. दुकानात तांदळाचं पोतं आलं की हे मला घरातून बोलावून घ्यायचे. मी मूठभर तांदूळ नाकाशी धरायची आणि सांगायची, जुना आहे, नवा आहे, खळ्यावर भिजलेला आहे. पोतं आणणारा माणूस कितीही गोड बोलला तरी माझं नाक ऐकायचं नाही. हे नाक तयार केलं माझ्या सासूबाईंनी. त्यांना आम्ही मामीजी म्हणायचो.

मामीजींचं उटणं आमच्या आळीत नावाजलेलं होतं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोथा उगवतो, धानाला त्रास देणारं गवत म्हणून लोक त्याला शिव्या देतात. मामीजी त्याच्या मुळाच्या गाठी खणून, धुऊन, वाळवून ठेवायच्या. हिवाळ्यात खाल्लेल्या संत्र्यांच्या साली, वाळा, कपूर काचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या आणि सगळ्यात शेवटी लवंग. माप काहीच नाही. मी नवी नवरी असताना एकदा वही घेऊन बसले तर म्हणाल्या, "कागद वाचून वास येते का वो?" वही मी मिटली ती कायमचीच.

उटणं चाळून झालं की चाळणीत जाडाभरडा चाळ उरायचा. तो त्या टाकू देत नसत. जुन्या तांदळाच्या पिठाची घट्ट खळ शिजवायची, त्यात धावड्याचा डिंक विरघळवायचा, चाळ मिसळून मळायचं आणि घरातल्या पोरांना गोळे वाटून द्यायचे. पोरं त्याचे पोपट करायची, मासे, शिंगाडे, आंबे, बैल, काहीही. आकार कोणताही असो, आमच्या घरी त्यांना चिमण्याच म्हणतात. खराट्याच्या काडीनं भोक पाडायचं, सुपात घालून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं की वास उडतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी लाल दोऱ्यात एक चिमणी, एक धानाची लोंबी असं ओवून दारावर तोरण लावायचं. येताजाता ओला हात लागला की घरभर दरवळ सुटतो. दिवाळी झाली की एक चिमणी लुगड्यांच्या पेटीत, एक तांदळाच्या कोठीत.

पुढे मामीजींचे सांधे दुखायला लागले आणि बत्ता माझ्या हाती आला. तिथून आमच्या भांडणाला सुरुवात झाली. भांडण कसलं तर लवंगेचं. मी उटणं कुटून तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरायची. त्या हुंगायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं. लवंग जास्त झाली." दर वर्षी हेच. मी म्हणायची, लवंगेनं कपड्यांना कसर लागत नाही. त्या म्हणायच्या, लवंग बाकी कोणाले बोलू देत नाही. मी म्हणायची, मग राहू द्या, पुढच्या वर्षी तुम्हीच कुटा. असं पंधरा वर्षं चाललं. शेवटच्या दिवाळीला त्या बाजेवर पडून होत्या, उठवत नव्हतं, पण माझा तळहात हुंगून तेवढं वाक्य मात्र न चुकता बोलल्या.

त्या गेल्यावर मी मनसोक्त लवंग घातली. कुणी काही बोललं नाही. बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

मग कोरोनाची साथ आली. मला ताप आला, उतरला, अंगात ताकदही परत आली, पण वास काही परत आला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू. महिना गेला, वर्ष गेलं, मग मी विचारायचंच सोडून दिलं. लोकांचं नाक कापलं जातं ते बोलण्यापुरतं, माझं तर खरोखरच गेलं होतं. कुणाला सांगणार? जन्मभर दुसऱ्यांना टोमणे मारलेले. दुकानात पोतं आलं की मी पूर्वीसारखीच मूठ नाकाशी धरायची, थोडा वेळ थांबायची, दोन दाणे हळूच दाताखाली फोडायची आणि अंदाजानं बोलायची. डबे जागेवरून ओळखायची. उटणं आधीच्या वर्षी जास्त कुटून ठेवलेलं होतं, ते पुरवून पुरवून वापरलं.

पुरवलं तरी किती पुरणार? दोन वर्षांमागे डबा रिकामा झाला. त्या दिवाळीला मी हात दुखतो असं सांगितलं आणि दुकानातलं पाकीट फोडून वाटीत ओतून ठेवलं. माझी मुलगी पुण्याहून आली होती. पहिल्या आंघोळीला तिनं आपल्या पोरीला ते लावलं, बोटं हुंगली, आणि मग मला विचारलं, "आई, हे बाजारचं आहे ना?" रागावली नाही. रागावली असती तर मी चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता.

गेल्या वर्षी नवरात्र संपलं आणि तिचा फोन आला. म्हणाली, यंदा घरचं करशील ना, आई? माझ्या पोरीला आपल्या चिमण्यांचा वास आठवतच नाही. मी हो म्हणून बसले. मामीजींनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, मी लिहून घेतलं नव्हतं. तो वास माहीत असलेलं आणि तो घडवू शकणारं नाक या घरात एकच होतं, आणि ते मेलं होतं. आता चुकलं असतं तर तो वास आमच्या घरातून कायमचा गेला असता, आणि गेला हे मला कळलंही नसतं.

मुलीला लवकर सुटी मिळाली नाही, म्हणून तिनं नातीला आठ-दहा दिवस आधीच ओळखीच्यांसोबत पाठवून दिलं. नात नऊ वर्षांची. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या घरात दोघी बहिणी आहेत, मोठी आठेक वर्षांची आणि धाकटी पाच वर्षांची, जिचं नाक मी जन्मापासून पुसत आले आहे. तिघींची पहिल्या दिवशीच गट्टी जमली. दिवाळीची सफाई निघाली होती, तर तिघींनी मिळून माझे सगळे डबे घासून, पुसून, उंचीप्रमाणे ओळीत लावून ठेवले. मी कौतुक केलं, बोरं दिली. डबे जागचे हलले म्हणजे काय झालं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसकर टाकून आम्ही चौघी बसलो. मी मोठ्या रुबाबात सांगत होते, आधी मोथा, मग वाळा, मग साली. पोरी कुटलेलं एकेक आपल्या हातानं परातीत टाकत होत्या. पिवळ्या पुडीचा डबा मी उचलला, आंबेहळद म्हणून चांगली भरमूठ घातली आणि खळ ओतून मळायला घेतलं. पोरींचे हात एकदम थांबले. मग धाकटीनं विचारलं, "आजी, तू वरणाले फोडणी देऊन राहिली का?"

मोठी फिसकन हसली. मी दोघींवर डाफरले. चांगल्या कामात थट्टा सुचते, बसा सरळ. मोठीनं फ्रॉकचा सोगा नाकाला लावला. तेव्हा नातीनं तो डबा उचलला, झाकण काढून माझ्या नाकापाशी आणला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, आंबेहळद. दुकानासाठी आणलेला सुटा हिंग होता तो, अख्खी मूठभर.

"आजी, तुला वास येत नाही?"

मोठ्या माणसांशी मी कित्येक वर्षं खोटं बोलले होते आणि मला काही वाटलं नव्हतं. पण त्या पोरीच्या तोंडावर बोलता येईना. मी म्हटलं, नाही येत, तापापासून नाही येत, कुणाला सांगू नका. आणि पिठाचे हात तसेच घेऊन रडायला लागले.

सांगू नका म्हणून काय होतं? हिंगाचा भपका दुकानापर्यंत गेला होता. हे आत आले, परात पाहिली, मला पाहिलं. धाकटीनं लगेच सगळं सांगून टाकलं, पोटात काही ठेवायची तिला सवय नाही. यांना नवल वाटलंच नाही. म्हणाले, "दूध करपून कोळसा झालं अन् तू बाजूलेच तांदूळ निवडत होती. मले तेव्हाच समजलं." रोज दुकानात जाण्याआधी हे गॅसचं बटण दोनदा पाहून जायचे. संशयी माणूस म्हणून मी त्यावरून कितीदा भांडले होते. आज त्याची आठवण आली की माझं मलाच कसंतरी होतं.

तो गोळा आम्ही कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला. पोरी म्हणाल्या आता काय करायचं. मी म्हटलं काही नाही, पाकीट आणू. पण बोलता बोलताच मला लुगड्यांची पेटी आठवली. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिनं केलेली एक चिमणी तिथं होती. एक पंख वाकडा, चोच बदकाची, पण पोरीची पहिली म्हणून मी टाकली नव्हती. त्या वेळी बत्ता मामीजींच्याच हाती होता. म्हणजे त्या चिमणीत उटणं होतं ते मामीजींच्या हातचं.

पेटीच्या तळातून ती काढून पोरींपुढे ठेवली. तिघींनी हुंगली. धुळीचा वास येते म्हणाल्या. मी म्हटलं थांबा. कोमट पाण्यात बोट बुडवलं आणि चिमणीच्या पोटावर हळूहळू घासलं. मग पुन्हा त्यांच्यापुढे धरली. धाकटीनं डोळे मिटले. मामीजी मिटायच्या तसेच.

"गोड आहे," ती म्हणाली. "अन् ओल्या बांधीसारखा आहे. अन् देवळासारखा."

मला वास काहीच येत नव्हता. पण ती तीन शब्दांत बोलली ते सगळं मला आठवलं, अगदी जसंच्या तसं. गोड म्हणजे संत्र्याची साल, बांधी म्हणजे मोथा, देऊळ म्हणजे कपूर काचरी. मी म्हटलं, चला पोरींनो, आता नाक तुमचं आणि हात माझे.

मग तीन दिवस आमचा कारखाना चालला. छोट्या वाट्यांमध्ये चमचा चमचा मिसळायचं, ओलं करायचं, आधी चिमणी हुंगायची, मग वाटी. हुंगून हुंगून त्यांची नाकं बधिर झाली की मी त्यांना मागच्या अंगणात पिटाळायची. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, ताजी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पडली होती. त्यावर लोळून यायच्या आणि पुन्हा बसायच्या. नातीनं वही काढली आणि लिहायला घेतलं, मोथा चार चमचे, साल तीन. माझ्या जिभेवर आलं होतं, कागद वाचून वास येते का? पण गिळलं. आधी प्रत्येक डबा तिघींनी हुंगला आणि नातीनं त्यावर चिठ्ठी चिकटवली. चाळीस डबे, चाळीस चिठ्ठ्या, अक्षर कोंबडीच्या पायांचं. मी मुकाट्यानं डिंक लावून देत होते.

सगळं जमत गेलं आणि गाडी अडली लवंगेवर. मी म्हटलं, एवढ्या उटण्याला सात. पोरी म्हणाल्या, चिमणीत एवढी नाही. मी समजावलं, बाई, तीस वर्षांची चिमणी आहे, लवंग उडून गेली असेल. धाकटीनं परत ओलं बोट घासलं, हुंगलं आणि मान हलवली. "नाही आजी. हिच्यात आहे लवंग. थोडीशीच आहे." पाच करून पाहिल्या, चार करून पाहिल्या. तिनावर तिघीही एकदम म्हणाल्या, हेच.

माझं डोकं तापलं. काल जन्मलेल्या पोरी मला लवंग शिकवायला निघाल्या! मी म्हटलं, तुम्हाले काय समजते? या घरात लवंग सातच पडते. नात शांतपणे म्हणाली, "आजी, नाक आमचं म्हणालीस ना?"

तीनच लवंगा कुटल्या. कुटाव्याच लागल्या.

पाणी लावून लावून त्या जुन्या चिमणीचं पोट खंगलं होतं. तिसऱ्या दिवशी वाकडा पंखही गळून पडला. धाकटीनं विचारलं, तिले दुखते का? मी म्हटलं, नाही, तिचं काम झालं आता. उरलेला तुकडा फडक्यात गुंडाळून पेटीत परत ठेवला.

पोरींना नव्या तांदळाची पिठी हवी होती, शुभ्र असते म्हणून. मी म्हटलं, तिथं मात्र माझंच चालेल. नव्या तांदळाची खळ गिच्च होते, आठ दिवस वाळत नाही आणि वाळली की तडकते. जुना तांदूळ दळून आणला, डिंक घातला आणि मळलं. नातीनं मासे केले, मोठीनं शिंगाडे. धाकटीनं कढीपत्त्याच्या झाडावरचा सरडा केला आणि तोही चिमणीच आहे असं बजावून सांगितलं. मी हसून हसून थकले. इतक्या वर्षांत उटण्याच्या कामाला बसून मी कधी हसले नव्हते, कुणाशी तरी भांडतच बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरी खेळायला गेल्या. सुपात चिमण्या वाळत होत्या आणि आंघोळीचं उटणं खलबत्त्यात तसंच होतं. मी लवंगेचा डबा काढला आणि चार लवंगा मुठीत घेऊन उभी राहिले. कुणी पाहत नव्हतं. माझं घर, माझा खल, माझ्या लवंगा. पण घातल्यावर बरोबर झालं की बिघडलं, हे मला कोण सांगणार होतं? तीन लवंगा परत डब्यात टाकल्या, एक तोंडात टाकली. तिखट लागली, तेवढं मात्र कळलं.

पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी मुलगी येणार होती. तोरण सकाळीच लावलं. चिमणी, लोंबी, चिमणी, लोंबी, मधोमध सरडा. नागपूरची बस आली असं कळलं तसा मी हात ओला करून सगळ्या चिमण्यांवरून फिरवला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिले. मला फक्त तिचं तोंड पाहायचं होतं. माझ्यापाशी दुसरं साधनच नव्हतं.

ती आली. सँडल काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली. बॅग खांद्यावरून खाली सरकली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं एक मासा हातात धरला, नाकाला लावला आणि बराच वेळ सोडला नाही. पोरी तिच्याकडे धावल्या होत्या, त्याही जागच्या जागी थांबल्या.

"आई, हे कोणं केलं?"

मी बाहेर आले. "काहून? चुकलं का?"

"हे तुझ्या हातचं नाही." तिचे डोळे भरून आले होते. "हे आजीच्या हातचं आहे. तू तं लवंग जास्त टाकते."

पोरी खो खो हसायला लागल्या. धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, मी सांगतच होती. मुलीला कळेना काय झालं, ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला सगळं सांगायचं होतं, नाकाचं, हिंगाचं, तिच्या चिमणीच्या पंखाचं. सांगितलंही नंतर, आणि ती रडली, रागावली, मला जवळ घेऊन बसली. पण त्या क्षणी मला दुसरंच काम आठवलं.

मी स्वयंपाकघरात गेले. मामीजी, तुमचंच खरं होतं, पंधरा वर्षं तुम्ही एकच खरी गोष्ट सांगत होत्या आणि मी भांडत होते. हे मी मोठ्यानं म्हटलं, ऐकायला कुणी नव्हतं तरी. मग लवंगेचा डबा खाली काढला. नातीच्या कोंबडीच्या अक्षरात त्यावर 'लवंग' लिहिलेलं होतं. तिच्या कंपासमधली पेन्सिल घेतली आणि त्याच्या खाली मी माझ्या हातानं लिहिलं, 'तीनच'.